उलटं बघा, मास्तर

"उलटं बघा, मास्तर. उलटं!"

हातातला पोलादाचा ठोकळा माझ्या नाकाशी धरून काका असं म्हणायचे. ठोकळ्यात काहीतरी कोरलेलं असायचं. कोयरी, कमळ, नाहीतर एखादं अक्षर. मी चष्मा वरखाली करून बघायचो आणि हमखास चुकायचो. शाळामास्तराला साधं अक्षर ओळखता येत नाही, याहून मोठी गंमत काकांच्या लेखी दुसरी नव्हती.

तारापूरला काकांची नि आमची भिंतीला भिंत. आमच्या बाजूला कधी आला असाल, तर घराघरांतून येणारी टकटक तुम्हीही ऐकली असेल. ती डाय कोरणाऱ्यांची. डाय म्हणजे दागिन्याचा साचा. सोनार त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठोकतो आणि नक्षी उठते. साच्यात जिथं खड्डा, तिथं दागिन्याला फुगवटा. साच्यात जे उजवं, ते दागिन्यात डावं. म्हणून अक्षरसुद्धा आरशात दिसावं तसं कोरायचं. काकांना ही सवय इतकी लागलेली, की काकू म्हणायच्या, "यांना चा दिला तर आदी बशी पालथी करून बगतील."

साठच्या दशकात सोन्यावर सरकारनं कायदा केला होता. देशाकडं परकी चलन नाही, लोक सोनं घेतात म्हणून ते आणखी आटतं, असा दिल्लीचा हिशेब. तेव्हा सोनारानं सोनं किती बाळगायचं याला मर्यादा आली, परवाने आले, तपासनीस आले. लोकांनी दागिने घालणं काही सोडलं नाही. चोरटं सोनं किनाऱ्यावर उतरतच होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. भरडला गेला तो उघड्यावर बसून काम करणारा. छोटे सोनार धंदा सोडू लागले, आणि त्यांच्यामागून काकांची कामंही आटली.

"सोनं येतं दर्यानं आन् सरकार उगडतं आमची पेटी," काका म्हणायचे. "उलटं बघा, मास्तर, मंजे कायदा समजंल."

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा काकांच्या घरातली टकटक थांबली. त्यांनी बोईसरला भांड्यांच्या दुकानात नोकरी धरली. त्याच सरकारनं तिकडं सवलती देऊन कारखाने आणले होते, कामगारांची रीघ लागली होती, आणि भांडं घेतलं की त्यावर नाव हे हवंच. काका ते नाव घालायचे. हातात विजेची सुई, ती सारखी थरथरणारी, आणि समोर ताट.

मी एकदा तिथं गेलो होतो. एक बिहारी कामगार लोटा घेऊन उभा होता. "चाचा, बाप का नाम भी डाल दो. गाँव का भी."

"अरे, लोटा हाय का पोस्टकार्ड?" काका म्हणाले. पण बापाचं नावही घातलं आणि गावाचंही. लोटा घेऊन तो गेला तसा काकांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला. हात सुईशिवायही थरथरत होता. मी बघितलं हे त्यांना कळलं. "यंत्राची सवय लागलीय त्याला," ते म्हणाले.

मग नव्वद साली तो कायदा उठला. रेडिओवर बातमी लागली तेव्हा काकांनी भिंतीवर थाप मारून मला हाक मारली आणि दारातच पेढा हातावर ठेवला. पुढच्या महिन्यात नोकरी सोडली. काकू रडकुंडीला आल्या. "लागलेली भाकर का सोडता?" पण काकांनी पाट काढला, छिन्न्यांना धार लावली, आणि भिंतीपलीकडून पुन्हा टकटक ऐकू येऊ लागली. खोटं कशाला सांगू, मलाही आनंद झाला. पण टकटक पूर्वीसारखी एका तालात नव्हती.

कामं काही आली नाहीत. बैल गेला नि झोपा केला, तशातली गत. छोटे सोनार कधीच मोडले होते, मोठ्या सराफी पेढ्यांना यंत्रावरचा माल स्वस्त पडत होता. वर्ष गेलं आणि देशाच्या तिजोरीत परकी चलन उरलं नाही. सरकारनं सोनं परदेशात गहाण ठेवल्याचं पेपरात आलं. काका तो पेपर घेऊन माझ्याकडं आले.

"आमाला चार तोळं ठेवू देत नव्हते. आता यांनी देशाचंच गहान टाकलं? मास्तर, उलटं बघा, उलटं!" ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला हसू आलं नाही.

रुपया पडला, सोनं चढलं, आणि होतं नव्हतं ते गिऱ्हाईकही थांबलं. त्या मंदीत पालघरच्या एका सराफानं काकांना एक काम दिलं. पदकाची डाय, मध्ये 'श्री', भोवती कमळाच्या पाकळ्या. ही पसंत पडली तर पुढं कामं देत राहू, म्हणाला. काकांचं सगळं त्या एका डायवर येऊन थांबलं. हात हलू नये म्हणून मनगट सुतळीनं पाटाला बांधून ते बसायचे. काकू ती सुतळी बांधून द्यायच्या आणि जेवायच्या वेळी सोडायच्या.

डाय झाली तशी ती सगळ्यात आधी माझ्याकडं आली. "बघा, मास्तर."

पाकळ्या अशा सुंदर, की हात थरथरतो असं कुणी म्हटलं नसतं. आणि मध्ये 'श्री'. मी लगेच वाचलं. "श्री," म्हणालो, आणि डाय पुन्हा डोळ्यांशी नेली. काकांच्या डायवरचं अक्षर मला पहिल्या नजरेत कधी वाचता आलं नव्हतं.

काका माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग घरात जाऊन मेणाचा गोळा घेऊन आले, डायवर दाबला आणि उचलला. मेणावर 'श्री' उलटा उमटला होता.

"मी उलटंच काढलं होतं, मास्तर," ते हळूच म्हणाले. "माज्या डोक्यात उलटंच होतं."

इतकी वर्षं ताटावाट्यांवर सुलटी नावं घातली होती. हात तेच शिकला होता.

"दुसरी करा," मी म्हणालो.

"दुसरी बी सुलटीच येल."

दुसरी त्यांनी केली नाही. सराफानं यंत्रावरची पदकं आणली. भांड्यांच्या दुकानात काकांच्या जागी मालकाचा मेहुणा बसला होता. पावसाळ्याआधी भंगारवाला आला आणि सगळ्या डाया, छिन्न्या, हातोड्या किलोवर गेल्या. गोणीचं तोंड काकांनीच धरून दिलं. मग दोघं लेकीकडं सफाळ्याला राहायला गेली. काका तिथंच वारले. मला कळलं तेव्हा दिवसही उरकले होते. भिंतीपलीकडं आता गोदाम आहे, आवाज म्हणून येत नाही.

ती 'श्री'ची डाय मात्र त्यांनी गोणीत टाकली नव्हती. निघताना माझ्या खिडकीत ठेवली. "ही तुमाला. ही तुमाला वाचता येते."

अजून माझ्या टेबलावर असते. घरी आलेला माणूस ती उचलतो आणि लगेच वाचतो, "श्री." छान आहे म्हणतो. उलटं कुणालाच बघावं लागत नाही.