मंगलचं वजन

"तिला झोळीत घालू नगंस. झोळी धुवायला पानी कुठाय? तिचं वजन मला नजरंनं कळतं."

अंगणवाडीच्या बाई माझ्या भावजयीला हे म्हणाल्या. मारुतीच्या देवळासमोर लिंबाच्या फांदीला काटा टांगला होता, काट्याला कापडाची झोळी. गावातली पोरं एकेक करून झोळीत बसत होती, रडत होती, उतरत होती. आमच्या बौद्धवाड्यातल्या बायका पाराच्या पलीकडं उन्हात उभ्या. भावजयीच्या कडेवर माझी भाची, मंगल. चौदा महिन्यांची. बाईंनी तिच्याकडं एकवार बघितलं, रजिस्टरात 'साडेआठ' लिहिलं आणि हातानंच पुढं व्हायला सांगितलं. पुढं म्हणजे घरी.

मी शेजारीच उभी होते. दहावी पास. मीही भावजयीबरोबर घरी वळले.

ही नव्वदीनंतरची गोष्ट आहे. कर्जत तालुक्यातलं आमचं गाव. तेव्हा असलं काही राहिलं नव्हतं, असं पुष्कळ लोक सांगतात. सांगणाऱ्यांची पोरं झोळीत बसलेली असतात. बाई बड्या घरची सून. आमच्या पोरांना हात लावायचा नाही, आणि नोकरी मात्र सगळ्या गावाच्या पोरांची. दोन्ही कसं जमवायचं? नजरेनं.

वजनाला एवढं महत्त्व का, ते सांगते. प्रत्येक पोराचा एक तक्ता असायचा. खाली महिने, कडेला किलो, मधून वर चढत जाणाऱ्या रेघा. पोराचं वजन सगळ्यात खालच्या, शेवटच्या रेघेखाली गेलं की त्याला दुप्पट खाऊ आणि सरकारी दवाखान्याची चिठ्ठी. साडेआठ किलोच्या पोरीला यातलं काही मिळत नाही. ती धडधाकट.

पुढच्याच महिन्यात मंगलला हगवण लागली. भावजय आणि मी तिला एस.टी.नं तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरनं तिला उचललं आणि सरळ काट्यात ठेवलं. झोळी धुवायचं काही बोलला नाही. केसपेपरवर लिहिलं, पाच किलो आठशे. मग आमच्याकडं बघून विचारलं, "अंगणवाडीतून चिठ्ठी दिली नव्हती का? हिला दोन महिन्यांपूर्वीच आणायला हवं होतं."

भावजयीला वाटलं, चूक तिचीच. ती त्याच्या पाया पडायला लागली. तिसऱ्या दिवशी मंगल गेली. केसपेपर भावजयीनं पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवला. तिला वाचता येत नव्हतं. पोरीचं म्हणून तेवढंच उरलं होतं.

सहा महिन्यांनी बाईंचा निरोप आला. वरच्या मॅडम तपासणीला येणार होत्या आणि रजिस्टर फार खराब झालं होतं. माझं अक्षर चांगलं, तर मी ते नव्या वहीत उतरवून द्यावं. मी गेले. खोटं कशाला सांगू, हुरळून गेले. आपलं अक्षर गावात कुणाला तरी ठाऊक आहे, याचंच कौतुक वाटलं. बाई वर ओसरीवर खुर्चीत बसल्या, मला खालच्या पायरीवर बसवलं. रजिस्टर माझ्या हातात दिलं नाही, पायरीवर ठेवलं. मी उचललं.

गावातल्या पोरांची पानं आधी झाली. त्या आकड्यांत जीव होता. कुणाचं वजन वाढलेलं, कुणाचं तापात घटलेलं, कुणाचं दोन महिने तिथंच अडकलेलं. मग आमच्या वाड्याचं पान आलं. सतरा पोरं. सतराच्या सतरा दर महिन्याला पाव किलोनं वाढत होती. ना कुणाला ताप, ना कुणाला हगवण. उन्हाळ्यात सगळा वाडा कामाला बाहेर असतो, पोरं चटणी-भाकरीवर असतात, तेव्हाही पाव किलो.

अशी अकरा नावं मी सुवाच्य अक्षरात उतरवली. मला आजही लाज वाटते ती या अकरा नावांची. दहावीला आलेख काढून आलेली मी, आणि अकरा नावं होईपर्यंत डोक्यात उजेड पडला नाही.

बारावं नाव मंगल.

गेली त्या महिन्यात पावणेनऊ. पुढच्या महिन्यात नऊ. मग सव्वानऊ. पाव-पाव करत माझी मेलेली भाची सव्वादहा किलोची झाली होती. वाड्यात तिच्यासारखी तब्येत कुणाची नव्हती.

मी बाईंना म्हणाले, मंगल जाऊन सहा महिने झाले. बाईंना ठाऊक होतं. गावात कुणाला ठाऊक नव्हतं? त्या गहू निवडत होत्या. सुपातून नजरही न काढता म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की. तुझं काय जातंय? कागदाला कुठं भूक लागती."

मी पेनाचं टोपण लावलं.

"मी लिहिनार न्हाई," म्हणाले. एवढंच. वही तिथंच ठेवून पायरीवरून उठले. मागून बाई म्हणाल्या की चार बुकं शिकली की असली थेरं सुचतात. बाईंचं एवढं एक निदान बरोबर निघालं.

आमच्या बायका त्या दिवसांत व्यापाऱ्याकडं चिंच फोडायला जायच्या. फोडलेली चिंच तो टांगलेल्या, आकड्याच्या काट्याला लावून मोजून घ्यायचा. छटाक इकडं-तिकडं होऊ द्यायचा नाही. चिंचेचं वजन नजरेनं करणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. तो काटा सखूमावशीनं एका दुपारपुरता मागून आणला. सखूमावशी आमच्यातली म्हातारी, तिला नाही म्हणायची व्यापाऱ्याची छाती नव्हती. वाड्यातल्या समाजमंदिराच्या आढ्याला काटा टांगला. लुगड्याची झोळी केली, आधी नुसत्या झोळीचं वजन घेतलं आणि ते प्रत्येक वेळी वजा केलं. जिवंत सोळा पोरं मोजली. चार पोरं शेवटच्या रेघेखाली होती.

आता हे सांगायचं कुणाला? कागदावर लिहिलं असतं तर कागद गेला असता. मी कोळसा घेतला आणि समाजमंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर काढलं, रस्त्याच्या बाजूला. प्रत्येक पोराच्या दोन उभ्या रेघा, शेजारी शेजारी. एका किलोला चार बोटं. एक रेघ रजिस्टरातली; वाड्याचं ते सगळं पान माझं पाठ झालं होतं. दुसरी काट्याची. वाचता न येणाऱ्या बायकांना काही समजावून सांगावं लागलं नाही. एकेकीनं आपल्या पोराच्या रेघांना बोटं लावून बघितली. सखूमावशी सगळ्या भिंतीवरून चालत गेली आणि म्हणाली, "ह्या लांब रेघंतली पोरं कंच्या गावात ऱ्हात्यात गं?"

मंगलचीही रेघ काढली. रजिस्टरातली, सव्वादहा किलोची, एक्केचाळीस बोटं. तिच्या शेजारची जागा मोकळी. भावजय त्या मोकळ्या जागेपाशी बसून राहिली.

चौथ्या दिवशी मॅडमची जीप आली. रस्त्यावरून भिंत दिसतच होती. मॅडम उतरल्या, बाई मागून धावत आल्या, सरपंचही आले. मॅडमनी भिंत बघितली. तेव्हा मला वाटलं, या मॅडम शिकलेल्या आहेत, यांना कळेल. कळलंच त्यांना. म्हणून तर चिडल्या. "ही सरकारी माहिती आहे. ती अशी भिंतीवर मांडायची नसते. पुसून टाका."

मी म्हणाले, "पोरं आमची हायत, मॅडम. त्यांची वजनं सरकारी कधी झाली?"

मग भावजयीनं पिशवीतून केसपेपर काढला. मॅडमनी हात पुढं केला. भावजयीनं तो दिला नाही. दोन्ही हातांनी धरून त्यांच्या तोंडासमोर उभी राहिली. वाचा म्हणाली, आन हितंच वाचा. मॅडमनी वाचला. पाच किलो आठशे. सरपंच चपलेकडं बघत होते. चार पोरांना चिठ्ठ्या त्याच आठवड्यात मिळाल्या, उपकार केल्यासारख्या.

राहिली मंगल. बाईंनी मॅडमच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मॅडमनी मला बाजूला घेतलं. आवाज एकदम मायेचा झाला. म्हणाल्या, झालं ते वाईट झालं, आता त्या मुलीचं नाव कमी करून टाकू, शेरा लिहू 'स्थलांतरित', म्हणजे कुणालाच त्रास नको. मेलेल्या पोरीला त्या दुसऱ्या गावाला पाठवायला निघाल्या होत्या. शिकलेल्या माणसाचं खोटं किती स्वच्छ असतं, ते मला त्या दिवशी कळलं. बाईंचं खोटं निदान आळशी होतं.

मी नाही म्हणाले. 'मयत' लिहा. तारीख लिहा. वजन लिहा, केसपेपरवरचं. आणि वजन झोळीत घातलं नव्हतं, हेही लिहा. बाईंच्याच हातानं.

त्यांनी लिहिलं नाही. भिंतीला मात्र ग्रामपंचायतीनं लगोलग चुना लावला. एरवी गटार तुंबलं तरी आमच्याकडं कुणी फिरकत नाही. चुना वाळला तशी मी परत रेघा काढल्या. परत चुना आला. परत काढल्या. मग अंगणवाडीचा काटाच आमच्याकडं आला आणि पोरांची वजनं दर महिन्याला तिथंच व्हायला लागली, आमच्या झोळीत, सगळ्यांच्या देखत. आकडा आधी भिंतीवर, मग रजिस्टरात.

मंगलच्या रेघेशेजारची जागा मी मोकळीच ठेवली आहे. खरा आकडा मला ठाऊक आहे, मी लिहू शकते. पण तो मी लिहायचा नाही. ज्यांनी तिला झोळीत घेतलं नाही, त्यांनी इथं येऊन, या भिंतीशी वाकून, चार बोटं मोजत मोजत तो काढायचा. तोवर ती रेघ पुसू देणार नाही. आणि माझ्या भाचीला तुमच्या कागदावर आता पाव किलोसुद्धा वाढू देणार नाही.