थोरलीला इचारून सांगते

चिंचवडच्या गावठाणातील ती खानावळ मी शोधून काढली. कुसुमला तिथे मी नेले, आणि तिच्या वडिलांना खरे काय ते मीच सांगितले. माझा वाटा एवढाच. बाकीचे कोणी केले ते मला सांगता येणार नाही. परगावी राहून नोकरी केलेल्या बायका एकत्र जमल्या की जेवणाखाणाचे किस्से निघतातच. आमच्याकडे ते इतके साठले की कोणता कोणी सांगायचा हेही ठरून गेले. शेवटचा मात्र सगळ्यांनी माझ्यावर सोपवला आहे.

पिंपरीला कारखान्याची वसाहत नुकतीच वसू लागली होती, आणि तिथल्या नव्या शाळेत आम्ही तिघी शिक्षिका होतो. मी वाईची, विमल जालन्याची, कुसुम मालवणकडची. खोलीत चूल मांडायची नाही, अशी घरमालकांची अट होती. त्याहून कडक अट कुसुमच्या वडिलांची. दिवाळीला येऊन पाहीन, पोर खंगलेली दिसली तर नोकरी सोडून घरी, असे त्यांनी बजावले होते. श्रावण आला तेव्हा कुसुमच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकू लागल्या होत्या.

पहिली खानावळ बांधकामावरच्या मजुरांची. बायकांना बसायला वेगळी जागा नव्हती, म्हणून मालकाने एक गोणपाट टांगले आणि आम्हाला त्यामागे बसवले. आमटी आली. विमलने वाटीत डोकावून पाहिले.

"लीलाताई, भांग नीट पाडून घ्या. असा स्वच्छ आरसा पुन्हा मिळायचा नाही."

कुसुम हसली, पण जेवली नाही.

दुसरे घर निर्वासितांच्या छावणीतले. सिंधी बाई मोठ्या मायेने वाढत. तिखट कुसुमला सोसेना, तेव्हा त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला. "रुको बेटी, नुक्कड से दही लाती हूँ," म्हणाल्या आणि भांडे घेऊन बाहेर पडल्या.

आम्ही तासभर वाट पाहिली. बाई परतल्या त्या रिकामे भांडे घेऊन, गोंधळून. "आज दुकान मिली ही नहीं," एवढेच त्या म्हणाल्या.

त्यांचे यजमान आम्हाला दारापर्यंत सोडायला आले. "दुकान तो वहीं रह गई, बहनजी," ते हलक्या आवाजात म्हणाले. "हमारे पुराने शहर में."

तिथले तिखट कुसुमला झेपणार नव्हते, म्हणून मी पुन्हा घर शोधू लागले.

तिसरे घर गावठाणातले. शेताचा बराच भाग कारखान्याकडे गेल्यावर त्या घरातील बाईंनी चार माणसांना जेवू घालायला सुरुवात केली होती. गावात सगळे त्यांना धाकटी म्हणत. मी विचारायला गेले, तर त्या उंबऱ्यातच म्हणाल्या, "थोरलीला इचारून सांगते." आत जाऊन आल्या. "या उद्यापासनं. मुळा तेवढा आमच्यात व्हत न्हाई. थोरलीला खपत न्हाई."

घरात दोघी सवती आहेत, असे मी गृहीत धरले. त्या काळी त्यात नवल नव्हते.

जेवण मात्र असे की वर्णन करताना मला अजूनही शब्द तपासून घ्यावे लागतात. भाकरी संपते न संपते तोच दुसरी गरम भाकरी ताटात पडे. धाकटी आमच्यासमोर उभी राहून वाढत असे, आणि आतून थापण्याचा एकसारखा आवाज येत असे. थोरलीच्या हाताला विश्रांती कशी नाही, असे आम्ही म्हणत असू.

भाकरीवरचे ठसे प्रथम कुसुमच्या ध्यानात आले. थापणाऱ्या हाताची बोटे भाकरीवर उमटतातच. या भाकरीवर मात्र ती तीनच होती. मधल्या बोटाची जागा कोरी. वाढणाऱ्या धाकटीचा हात धडधाकट होता.

एका दुपारी कुसुमने ताक मागितले. धाकटी आत गेली आणि तशीच परतली. "थोरली म्हनती, आज ताक नगं. पोरीला ताप येनार हाय."

"थोरल्या बाई वैद्य आहेत की काय?" विमलने विचारले.

संध्याकाळी कुसुम तापाने फणफणली. पुढचे चार दिवस त्या घरातून तिच्यासाठी न सांगता पेज आली. मालवणकडे आजाऱ्याला देतात तशी पेज. गावठाणात ती कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

तेव्हा मी हट्ट धरला. थोरल्या बाईंना भेटून आभार मानायचे आहेत, असे मी सांगितले.

"भेटा की," धाकटी म्हणाली. "रोज तर समूरच असती." तिने पदराआडून गळ्यातला चांदीचा टाक बाहेर काढला. वारलेल्या पहिल्या बायकोच्या नावाने दुसरी घालते, तसा टाक. "कडबा तोडताना बोट गेलं हुतं तिचं. माझं लगीन व्हायच्या आधी वारली."

"मग आत भाकऱ्या कोण थापते?"

धाकटीने माझ्याकडे नवलाने पाहिले. "तिच्या घरात दुसरं कोन थापंल?"

ती दारातून बाजूला झाली. चूल पेटलेली होती, परातीत पीठ मळलेले होते, तव्यावर भाकरी होती. पाट रिकामा होता.

दिवाळीला कुसुमचे वडील, तात्या, आले. मुलगी अंगाने भरलेली पाहून ते संतुष्ट झाले. लपवाछपवी मला जमत नाही. त्या घरी जेवायला जाण्यापूर्वी मी त्यांना सर्व सांगितले. कुसुम माझ्याकडे पाहीना. "माझी नोकरी घालवलीत, लीलाताई," एवढेच ती म्हणाली. मलाही तेच वाटले होते.

तात्या पाटावर बसले. ताटाला हात न लावता त्यांनी धाकटीला विचारले, "बाई, या लीलाताई म्हणतात ते खरे?"

"व्हय."

तात्या बराच वेळ आतला आवाज ऐकत राहिले. मग त्यांचा चेहरा निवळला. "म्हणजे घराला राखण आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे राखणदार असलेल्या घरात पोर निर्धास्त ठेवतात. मग ती भाड्याच्या खोलीत कशाला? हिला इथेच ठेवून घ्याल का?"

"थोरलीला इचारून सांगते."

धाकटी आत गेली आणि थापण्याचा आवाज थांबला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात एकच भाकरी होती.

"थोरली म्हनती, ऱ्हाऊ द्या हितं. रोजची पयली भाकर तिच्या नावाची निघती, ती आता पोरीला."

असे ठरले की कुसुमने नोकरी करावी आणि त्या घरात राहावे. तात्यांनी मान्य केले, धाकटीने केले, कुसुमने मान हलवली. विमलचे आणि माझे मत कोणी विचारले नाही.

धाकटीने भाकरी कुसुमच्या ताटात ठेवली. आत थापणे पुन्हा सुरू झाले होते. मी ठसे मोजले. तीन होते, आणि ते अजून ओले होते.