नापासराव आणि उघड्या टपाची गाडी

सासऱ्यांबद्दल काही चांगलं सांग, असं कुणी म्हटलं तर मी सांगते की त्यांच्या चपला दाराशी नेहमी जोडीनं ठेवलेल्या असतात. त्यापुढे माझी गाडी सरकत नाही.

नोकरीत असताना ते ड्रायव्हिंगच्या परीक्षा घ्यायचे. लायसन्स हवं असलेला माणूस गाडी चालवायचा आणि हे शेजारी बसून त्याला नापास करायचे. त्यासाठी त्यांची एक खास रीत होती, जी कुठल्याही नियमात लिहिलेली नव्हती. घरून आणलेला स्टीलचा पेला ते काठोकाठ पाण्यानं भरायचे आणि हातात धरून बसायचे. पँटवर एक थेंब पडला की म्हणायचे, "थांबवा." झालं, संपली परीक्षा. रस्त्यात खड्डा असला तरी तो चालवणाऱ्याचाच. गावात त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. नापासरावांचं घर कुठे म्हटलं की शेंबडं पोरही बोट दाखवायचं, आणि मोठी माणसं बोट दाखवून बाजूला थुंकायची.

याचा त्यांना अभिमान होता. मी नापास केलेला एकही माणूस गाडी चालवताना मेला नाही, असं ते पाहुण्यांना सांगत. कसा मरेल? त्याच्या हातात चाक आलंच नाही कधी. पोटच्या पोरालाही त्यांनी सोडलं नाही. माझा नवरा तीनदा परीक्षेला बसला, तिन्ही वेळा पेला सांडला, आणि शेवटी त्यानं नाद सोडला. आज दोन लेकरांचा बाप बसच्या दांड्याला लटकून कामावर जातो आणि वडिलांविषयी अवाक्षर काढत नाही. मी वाचले, कारण मी लग्नाआधीच दुसऱ्या ऑफिसातून लायसन्स काढलं होतं. त्याला ते 'माहेरचं लायसन्स' म्हणतात, जणू मी रुखवतात आणलं होतं.

मग देवानं म्हणा की डॉक्टरनं, त्यांनाच नापास केलं. नजर अधू झाली, लायसन्सचं नूतनीकरण झालं नाही. त्या डॉक्टरला ते अजून शिव्या घालतात. त्या दिवसापासून घरात गाडी चालवणारी मी एकटी, आणि आमचं उघड वैर तेव्हा सुरू झालं. त्याआधी ते झाकलेलं होतं इतकंच.

आता सासूबाई. त्यांना बंद गाडी लागते. लागते म्हणजे थोडंसं मळमळतं असं नव्हे. दार लागलं आणि डोक्यावर छप्पर आलं की त्या पांढऱ्या पडतात, आणि पहिल्या वळणाला पोटातलं सगळं बाहेर. काचा खाली करून उपयोग नाही, गोळ्या घेऊन उपयोग नाही. स्कूटरवर मागे बसवा, दिवसभर गाणी म्हणत बसतील. त्यांचं माहेर दूर डोंगरात, तिथवर स्कूटर पोचत नाही आणि रेल्वे जात नाही. लग्न होऊन आल्या त्या आल्याच. त्यांची आई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा सासरे त्यांना घेऊन निघाले होते. अर्ध्या वाटेत सासूबाईंना उलटी झाली, सीट खराब झाली, आणि सासऱ्यांनी तिथल्या तिथे गाडी मागे वळवली. घरी येऊन आधी सीट धुतली. तोवर तिकडून निरोप आला होता. हे मला सासूबाईंनी भांडी घासता घासता सांगितलं, रडल्या बिडल्या नाहीत. मीच हातातलं पातेलं आपटलं.

गेल्या वर्षी त्यांची माहेरच्या गावातच असलेली धाकटी बहीण आजारी पडली. दवाखान्यानं हात टेकले आणि तिला घरी पाठवलं. तिच्या मुलानं फोनवर सांगितलं की आई तुम्हाला एकदा बघायचंय म्हणते, लवकर या. सासूबाईंनी फोन ठेवला आणि तांदूळ निवडायला बसल्या. निवडलेलेच तांदूळ त्या पुन्हा निवडत होत्या. ते मला बघवेना.

आमच्या बाजारपेठेत गाड्या भाड्यानं देणारं एक दुकान आहे. तिथे एक लाल गाडी उभी असते, टप उघडणारी. लग्नाचे फोटो काढायला नेतात लोक. मी नवऱ्याला म्हटलं, ही घेऊ, डोक्यावर छप्परच नको. तो नेहमीसारखा म्हणाला, बाबांना विचार. मी विचारलं नाही, सांगितलं. सासरे म्हणाले की या वयात सर्कशीच्या घोड्यावर बसून बायको गावातून मिरवणार आणि लोक त्यांना हसणार. हसायला लोकांना नवीन कारण कशाला लागतंय, हे मी मनातच ठेवलं. मग त्यांनी जाहीर केलं की बायको एकटी कुठे जाणार नाही, तेही येतील, आणि पुढे बसतील.

गाडी ठरवायलाही ते माझ्याबरोबर आले. काउंटरवरच्या बाईनं बटण दाबून टप उघडून दाखवला. काच खाली गेली, छप्पर मधोमध दुमडलं आणि मागे डिकीत जाऊन बसलं. मग तिनं डिकी उघडून आतला आडवा पडदा दाखवला. टप दुमडून याच्यावर येतो, ती म्हणाली, म्हणून सामान ठेवायचं ते पडद्याच्या खाली, हातभर उंचीचं. जास्त भरलंत तर टप उघडणारच नाही, नुसता दिवा लागेल. हे तिनं दोनदा सांगितलं. सासरे चाकांना लाथा मारून बघत होते, पण कान इकडेच होते. माणसाची नजर अधू झाली म्हणून कान अधू होत नाहीत.

निघायच्या दिवशी मी आंघोळ करून आले तर डिकी लावून झाली होती आणि सासरे पुढच्या सीटवर बसून होते. मी विचारलं, डिकीत काय ठेवलंत? ते म्हणाले, थोडंसं. माझी आणि सासूबाईंची पिशवी मागच्या सीटवर, सासूबाईंच्या पायाशी ठेवली. मागची सीट कसली, दोन माणसांचं नाव आणि दीड माणसाची जागा. टप गावाबाहेर उघडायचा, ही त्यांची अट मी मान्य केली. म्हटलं, म्हातारा माणूस आहे, तेवढी अब्रू सांभाळू.

गावाची वेस ओलांडली आणि मी गाडी बाजूला घेऊन बटण दाबलं. दिवा लागला, टुंग टुंग वाजलं, टप हलला नाही. पुन्हा दाबलं, तेच. सासरे म्हणाले, भाड्याची गाडी आणि तुझी निवड, दुसरं काय होणार. मी मागे वळते म्हटलं तर सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या, नको गं, वळवू नकोस, चल तू, मी सोसेन. वळवू नकोस हे त्या ज्या आवाजात म्हणाल्या, त्यावरून मला त्यांच्या आईची ती गोष्ट आठवली आणि मी गाडी पुढे काढली.

सासऱ्यांनी मांडीवरच्या पिशवीतून पेला काढला. हो, तोच. बाटलीतून काठोकाठ भरला आणि हातात धरून बसले. दातावर दात ठेवून चालवत राहिले. आरशात सासूबाईंचा चेहरा दिसत होता, आधी पिवळा, मग राखेसारखा. पदर तोंडाशी धरलेला. घाट सुरू झाला आणि दुसऱ्याच वळणाला त्यांनी पिशवीत तोंड घातलं. मी ब्रेक मारला. पेल्यातलं पाणी सासऱ्यांच्या पँटवर सांडलं.

"थांबवा," ते म्हणाले. अगदी जुन्या सवयीनं.

मी थांबवलीच होती. रस्त्याकडेला एक चहाचं दुकान आणि समोर बसथांबा होता. सासूबाईंना उतरवून बाकावर बसवलं आणि त्यांना पुसायला कापड हवं म्हणून मी डिकी उघडली. आत सासऱ्यांची लोखंडी ट्रंक होती. परीक्षा घ्यायला बाहेरगावी जाताना न्यायचे ती. ट्रंकेवर त्यांची गादीची वळकटी, कारण ते दुसऱ्याच्या अंथरुणावर झोपत नाहीत. आडवा पडदा काढून एका कडेला सारून ठेवलेला होता. तो आपोआप निघत नाही, दोन खटके दाबून काढावा लागतो.

माझं डोकं सणकलं. मी बाहेरूनच विचारलं, हे मुद्दाम केलंत ना? त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत, तो त्यांचा स्वभाव नाही. म्हणाले, हो. तोंड रंगवलेल्या गाडीत माझी बायको उघडी बसून मिरवणार नाही. आणि लागते गाडी म्हणून कोणी मरत नाही.

मी ट्रंक बाहेर ओढली. पडदा जागच्या जागी बसवला. मग बघते तर ट्रंक ठेवायला गाडीत एकच जागा होती, मागची सीट, आणि तिथे ट्रंक ठेवली तर सासूबाई बसणार कुठे? मी म्हटलं, दुकानदाराकडे ठेवू, परत येताना नेऊ. सासऱ्यांनी मान हलवली. माझी ट्रंक परक्याकडे राहणार नाही, म्हणाले. ट्रंक उतरली तर मीही उतरलो असं समजा.

ते वाक्य आमच्या घरात फार जुनं आहे. शब्द बदलतात, अर्थ तोच. ते ऐकलं की नवरा भिंतीकडे बघतो, सासूबाई स्वयंपाकघरात जातात. मीही त्या क्षणी ट्रंक पुन्हा उचलायला वाकले होते. खोटं कशाला बोलू?

सासूबाई बाकावरून उठल्या. गाडीच्या पुढच्या खिडकीशी आल्या, आत हात घातला आणि सासऱ्यांच्या हातातला पेला काढून घेतला. तळाशी उरलेल्या पाण्यानं चूळ भरली आणि रस्त्याच्या कडेला टाकली.

"उतरा मग," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांना ऐकू आलं नसावं असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, काय?

"तुमची ट्रंक उतरली आहे. तुम्हीही उतरा. समोरून परतीची बस मिळेल. आईच्या वेळी तुम्ही गाडी वळवलीत, तेव्हा मी मागे बसले होते. आज मी पुढे बसणार आहे."

त्या ओरडल्या नाहीत. मला मात्र ओरडावंसं वाटलं, आनंदानं. चहावाला किटली हातात धरून बघत होता. सासरे उतरतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं, पण चाळीस वर्षं जे म्हणत आले ते करून दाखवायची वेळ आली की माणसाला मागे फिरता येत नाही. ते उतरले. मी ट्रंक आणि वळकटी रस्त्यापलीकडे थांब्यावर नेऊन ठेवली. आभार मानायचा प्रश्नच नव्हता. ते ट्रंकेवर बसले आणि आमच्याकडे पाठ केली.

बटण दाबलं. काच खाली गेली, छप्पर दुमडून मागे गेलं. सासूबाईंनी डोकं मागे टेकलं आणि तोंड उघडं ठेवून वारा गिळत राहिल्या. पुढचा सगळा घाट त्या एकदाही कण्हल्या नाहीत. उलट तिसऱ्या-चौथ्या वळणावर म्हणाल्या, जरा जोरात घे की.

आम्ही पोहोचलो तेव्हा बहीण जागी होती. दारात उभ्या असलेल्या सासूबाईंचे केस वाऱ्यानं झिपऱ्यांसारखे झाले होते. बहिणीनं बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली ते, "हडळ आली." मग दोघी एकमेकींचे हात धरून इतक्या हसल्या की तिच्या मुलाला वाटलं, आईला काही झालं. रात्री सासूबाई तिच्याच खाटेवर कडेला झोपल्या.

गाडी परत द्यायची होती, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी निघाले. सासूबाई निघाल्या नाहीत. हिचं होईपर्यंत आहे, म्हणाल्या, आणि नंतरचं नंतर. मी विचारलं, बाबांना काय सांगू? त्या उठल्या. मग आत जाऊन पेला घेऊन आल्या, विसळलेला, पुसलेला. "हा त्यांचा त्यांना दे. नाहीतर म्हणतील पळवला." मी तो मागच्या सीटवर ठेवला.

परतीच्या वाटेवर ऊन डोक्यावर होतं, छपराची मला काही गरजही नव्हती. तरी टप मी मुद्दाम उघडा ठेवला. वैर आहे तर आहे. रिकामी सीट त्यांना फाटकातूनच दिसली पाहिजे, असं मला वाटत होतं, आणि काय काय बोलायचं हेही मी सगळा घाट उतरेपर्यंत घोकत आले होते.

सासरे फाटकातच उभे होते. मी गाडी त्यांच्यासमोर थांबवली. पण त्यांना काही दिसलं नाही. त्यांची नजर मी विसरलेच होते. ते जवळ आले, म्हणाले, "झोपली का ती?" आणि उघड्या टपातून मागच्या सीटवर हात घातला. या कडेपासून त्या कडेपर्यंत त्यांनी सीट चाचपली, हळूहळू, कुणी जागं होऊ नये अशा बेतानं. मग त्यांच्या हाताला पेला लागला.

घोकलेलं सगळं माझ्या तोंडातच राहिलं. त्यांनी पेला उचलला, उलटा करून बघितला, कोरडा होता. मी इंजिन बंद केलं नाही. गाडी परत करायला आधीच उशीर झाला होता.