लेखकाच्या नावाचा कडू घास

माझा आवडता लेखक वारला, तेव्हा मी ऑफिसात सांगितलं की माझे मामा वारले. मामा औशाला राहतात, ठणठणीत आहेत आणि मला तेवढे एकच आहेत. चार-पाच मामा असते तर एखादा खपूनही गेला असता.

झालं असं. नांदेडच्या आमच्या ऑफिसात दुपारी सगळे डबे उघडून बसलो होतो. एका हातात शेवग्याची शेंग आणि दुसऱ्यात मोबाईल, अशी माझी जेवायची रीत. मोबाईलवर त्याचा फोटो आला. खाली दोन ओळी. शेंग दातांत तशीच राहिली आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी काही रडका माणूस नाही. वडील गेले त्या दिवशी मी मंडपवाल्याशी खुर्च्यांवरून भांडत होतो. पण इथं हुंदकाच आला.

"काय झालं हो?" समोर बसलेल्या हेडक्लार्क बाईंनी विचारलं.

लेखक गेला म्हणावं, तर कोणता ते सांगावं लागणार. मग काय लिहायचा, तेही. तो पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांबद्दल लिहायचा. चाळिशी ओलांडलेल्या, बिनलग्नाच्या, स्थळाचा विषय निघाला की चहा सांगायला उठणाऱ्या माणसाला हे ऑफिसात कसं सांगता येणार? जिभेवर पहिलं जे नातं आलं, ते बोलून गेलो.

"मामा गेले."

"अगं बाई! मग बसलात काय? उठा, रजेचं मी बघते."

उठलो. पुण्याला त्याच्या अंत्यदर्शनाला जायचं तर तिथं कोण म्हणून उभा राहणार? मी लातूरची गाडी धरली. लातुरात आई एकटी असते. अशा वेळी माणूस आईकडंच जातो, तिला काही सांगायचं नसलं तरी.

याच रस्त्यावर मी त्याचं पहिलं पुस्तक वाचलं होतं, स्पर्धा परीक्षेच्या गाईडचं कव्हर घालून. शेजारचे एक काका सारखे विचारत होते, "कोणती पोस्ट हाय?" आणि कव्हराच्या आत दोन पुरुष एका घरात राहत होते आणि भात कुणी करपवला यावरून भांडत होते. बस्स, एवढंच. अहमदपूर येईपर्यंत मी तेवढं एकच पान वाचत होतो. आपल्यासारख्याचं एक तर जबरदस्तीनं लग्न लावतात, नाहीतर तो विहीर जवळ करतो, एवढंच मला माहीत होतं. करपलेला भात आपल्याही नशिबात असू शकतो, हे तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

पुढं एका कार्यक्रमात तो भेटला. मी सहीसाठी पुस्तक पुढं केलं आणि म्हणालो, "मित्रासाठी पाहिजे." त्यानं जरा वेळ माझ्याकडं बघितलं. "मित्राला नमस्कार सांगा," म्हणाला. मी "सांगतो" म्हणून पळालो. म्हटलं, खरं काय ते पुढच्या भेटीत सांगू.

तो वयानं माझ्या पुढं होता. मी तिशीत असताना तो चाळिशीतलं लिहायचा, मी चाळिशीत आलो तेव्हा पन्नाशीतलं. चष्मा लागल्यावर, पोट सुटल्यावर, जोडीदार आजारी पडल्यावर आमच्यातली माणसं कशी जगतात, ते मला आधीच कळायचं. अंधाऱ्या पांदीच्या वाटेनं पुढं कुणी बॅटरी घेऊन चालावं आणि आपण निवांत मागं जावं, तसं. शेवटच्या पुस्तकात त्याचे ते दोघं म्हातारपणासाठी भाड्यानं घर शोधत होते. त्यांना ते मिळालं का, हे आता कुणालाच कळणार नाही. त्या दिवशी गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसलो होतो. कंडक्टरनं तिकीट दिलं आणि उरलेले पैसे न बोलता माझ्या खिशात घातले.

"कामून आलास अचानक?" आईनं विचारलं.

"सहज," म्हणालो आणि झोपून राहिलो.

सकाळी दारात हेडक्लार्क बाई. त्यांचं माहेर लातुरात आमच्याच गल्लीच्या टोकाला, सुट्टीला त्या तिथंच येतात, हे मी साफ विसरलो होतो. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आपल्याकडं पिठलं-भाकरीचा कडू घास घेऊन जातात, तो डबा त्यांच्या हातात. मी उठेपर्यंत त्यांनी आईच्या गळ्यात हात घातले होते. "भाऊ गेला हो तुमचा!"

आई ओरडली नाही, रडली नाही. भिंतीला धरून खाली बसली. तिचा तो चेहरा मला अजून दिसतो.

मी घाईघाईनं मामांना फोन लावला आणि आईच्या कानाला धरला. मामा आडतीवर होते. "आक्का, लवकर बोल गं, सोयाबीनचा काटा चालू हाय!"

"काई न्हाई," आई म्हणाली. "आवाज ऐकू वाटला." आणि मग रडली.

बाई माझ्याकडं वळल्या. "मग काल कुणासाठी रडत होतात?"

"एक लेखक गेले."

"लेखक? अहो, मी पहाटे उठून भाकरी थापल्या!" त्यांनी डब्याला हात घातला.

"राहू द्या," आई म्हणाली. "मयताचा घास वापस नेत न्हाईत."

बाई गेल्यावर आईनं ताट वाढलं. "खा."

"आई, मामा तर..."

"त्याच्या नावानं न्हाई. रडलास न्हवं? मग गेलंच की तुझं कुणीतरी. खा गुमान."

पहिला घास गिळला आणि कालपासून अडवून धरलेलं रडू सगळं बाहेर आलं. पिठलं खारट होतं की मीच, कळेना. आई थांबवायला आली नाही. माझं आवरल्यावर म्हणाली, "काय लिहायचा?"

"दोन पुरुषांच्या संसाराचं."

तिनं ताटात अजून पिठलं वाढलं. "आन तू?"

"मी पण तसाच."

"म्हंजे सून न्हाईच येणार."

"न्हाई."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसलो, खावा की ठेवावा कळेना. शेवटी तिनं नाक पुसलं.

"येवढंच हुतं तर तोंडानं सांगायचं. माझा जिता भाऊ कामून मारलास, मुडद्या?"