आप्पांचं विसरलेलं वाक्य

फोन आला तेव्हा मी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते. पलीकडून आप्पांची सून वंदना बोलत होती. "काकू, आप्पा गेले. सकाळी चहात साखर कमी हाय म्हणून रागावले आणि..." मला रडू यायच्या आधी हसू आलं, हे कबूल करते. जातानाही आप्पांनी आपली नापसंती स्पष्ट शब्दांत नोंदवली होती! त्याला आता पाच आठवडे झाले.

विठ्ठल आडनाईक, म्हणजे आमचे आप्पा, दिवसा दूध संघात नोकरी करत आणि संध्याकाळी कोल्हापुरात नाटकं बसवत. त्यांची सुरुवात गावच्या जत्रेत, लुगडं नेसून. पहिल्याच प्रवेशात पाय अडकून तोंडावर आपटले. "लोक हसले. मग मुद्दाम आणखी एकदा पडलो. त्या दुसऱ्या पडण्यात नट झालो," असं ते सांगत.

मी तेव्हा पेठ वडगावला शाळेत शिकवत होते. त्यांच्या नाटकासाठी नट निवडायच्या दिवशी मी नायिकेचं भाषण अगदी शुद्ध, ठासून वाचलं. आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, घरात नवऱ्याशी असंच बोलता व्हय?" "न्हाई की!" माझ्या तोंडून निघून गेलं. "मग ह्या नवऱ्यानं काय पाप केलंय?" तिथून पुढं वीस वर्षं मी रंगमंचावर त्यांची बायको, बहीण, एकदा तर आईसुद्धा झाले.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांची वाक्यं निसटू लागली. नव्या नाटकात ते हट्टी म्हातारा, मी त्यांची बायको. "एवढा प्रयोग झाला की थांबतो, सुमन," ते म्हणाले. त्यांचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. आणि त्याच प्रयोगात, घराची वाटणी मागणाऱ्या मुलांना खडसावायच्या जागी, ते गप्प झाले. डोळे माझ्याकडे वळले... पार रिकामे. हातातला चहाचा कप पुढं करत मी म्हटलं, "अवो, काल मला सांगत हुता न्हवं, ह्या घराची एक वीट हलू देणार न्हाई म्हणून? पोरांफुडं दातखीळ बसली व्हय?" नाट्यगृह हसून कोसळलं. आप्पांनी कप बाजूला सारला. "तू बोलू देशील तर बोलीन की!" आणि भाषण सुरू झालं ते थेट टाळ्यांवरच थांबलं.

विंगेत आल्यावर त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "वाक्य चांगलं हाय तुझं. ठेव ते." थांबण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढं दोन वर्षं आम्ही ते नाटक गावोगाव केलं. ते खरंच विसरलेत की सोंग करताहेत, हे कधीकधी मलाही कळायचं नाही. पण आपण आप्पांना सांभाळून घेतो, याचा मला मनातून भारी अभिमान होता.

परवा वंदनानं त्यांची त्या नाटकाची वही आणून दिली. आप्पांच्या स्वतःच्या वाक्यांवर एकही खूण नव्हती. लाल पेन्सिलीच्या रेघा होत्या त्या माझ्या वाक्यांखाली, शेवटच्या पानापर्यंत. आणि तिसऱ्या अंकात समासात लिहिलं होतं, 'सुमन इथं अडते. पाणी मागणे, थोरल्याचं नाव घेणे.'

त्या जागी ते दर प्रयोगाला खाकरायचे. "पाणी दे गं, आणि थोरल्याला काय ते सांगून टाक एकदा!" की माझं वाक्य मला सापडायचं. संहितेत ते पाणी नव्हतंच. मी आपली समजत होते, म्हाताऱ्याला तहान फार लागते.