चिंगीचा जबडा

डॉक्टर मॅडमनी अहवाल दोनदा वाचला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ओरल मेलॅनोमा आहे. तोंडातला कॅन्सर. कुत्र्यांमध्ये हा वाईट समजतात, कारण तो लवकर पसरतो."

अकोल्याच्या जनावरांच्या मोठ्या दवाखान्यातली ती खोली होती. स्टीलच्या टेबलावर आमची चिंगी उभी होती आणि तिच्या मानेभोवती हात टाकून माझा धाकटा भाऊ सिद्धार्थ. त्याने माझा पदर ओढला, भुवया वर केल्या. काय म्हणाल्या, असं विचारत होता.

सिद्धू जन्मापासून बहिरा आहे. त्यामुळे बोलतही नाही. मूकबधिरांच्या शाळेत त्याला कुणी घातलं नाही. आईने आणि मी मिळून हातवाऱ्यांची एक घरगुती भाषा केली, तीच त्याची. तिच्यात भाकर आहे, पाणी आहे, पेरणी, बाजार, ताप, राग आहे. कॅन्सर नाही. मी दाताला बोट लावलं आणि तोंड वाकडं केलं. दात खराब झालाय, काढावा लागेल.

त्याने मान हलवली. त्याचा माझ्यावर विश्वास होता.

मी आसेगावजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. आई गेल्यापासून घरात मी आणि सिद्धू. तीन एकर तो एकटा करतो: खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा. नऊ वर्षांपूर्वी फाट्यावर सापडलेलं एक तांबूस पिल्लू तो सदऱ्यात घालून घेऊन आला. मी तिचं नाव चिंगी ठेवलं. सिद्धूने आपल्या कानाला दोन बोटं लावली. त्याच्यासाठी तिचं नाव तेच.

तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. पण मागून ट्रॅक्टर आला की ती सिद्धूच्या पुढे जाऊन आडवी उभी राहायची. तो बाजूला झाल्याशिवाय हलायची नाही. घराशी कुणी आलं की त्याच्या पँटचं टोक दातात धरून ओढायची. तुरीत रानडुकरं शिरली की त्याच्या हातावर नाक आपटायची. गावातले लोक त्याला हाक मारायच्या ऐवजी चिंगीला हाक मारायचे.

गेल्या जानेवारीत, तुरीची कापणी चालू असताना, सिद्धूने पहिल्यांदा मला सांगितलं. चिंगीकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या तोंडाकडे, मग नाक चिमटीत धरलं. तोंडाला वास येतो. मी म्हटलं, कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच. चार दिवसांनी त्याने भाकरीचा तुकडा आणून दाखवला, त्यावर रक्ताचा डाग होता. मी शाळेच्या तपासणीची कागदपत्रं भरत होते. हाड चावलं असेल, असा हात केला. तिसऱ्या वेळी त्याने मला हाताला धरून तिच्याजवळ नेलं. ती एकाच बाजूने खात होती, तोंडातून लाळ गळत होती. मी तिचं तोंड उघडून पाहिलं नाही. औषधाच्या दुकानातून दातदुखीच्या गोळ्या आणल्या आणि गुळात घालून दिल्या.

असे पाच आठवडे गेले.

शेवटी एका रविवारी मी तिचा ओठ वर केला. खालच्या जबड्याच्या डाव्या बाजूला, दाढांच्या मुळाशी बोराएवढी काळी गाठ होती. वरून फुटलेली. शेजारची दाढ बोटाने हलत होती. सिद्धू माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. तिच्या तोंडाकडे नाही, कारण ते त्याने आधीच पाहिलं होतं.

शेजारच्या गजूभाऊंनी पिकअप काढली. मंगरुळपीरच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून एकदाच पाहिलं.

"ताई, कवापासून हाय हे?"

"महिना झाला असेल."

"मंग इतके दिवस कायले थांबल्या? मी इथं हात लावत नाई. उद्याच्या उद्या अकोल्याले न्या."

अकोल्याला तीन तपासण्या झाल्या. पहिली बायोप्सी, म्हणजे गाठीचा लहान तुकडा काढून तपासायला पाठवणं. दुसरी, जबड्याखालच्या लिम्फ नोडमधून सुईने थोड्या पेशी काढणं. लिम्फ नोड म्हणजे शरीरातली छोटी गाळणी. कॅन्सर पसरताना बहुतेक आधी तिथे सापडतो. तिसरी छातीचा एक्स-रे, कारण तोंडातला हा रोग फुप्फुसात जातो. एक्स-रे स्वच्छ आला. गाळणी सुजलेली होती, पण तिच्यात त्या वेळी रोग दिसला नाही. बायोप्सीसाठी आठ दिवस थांबा, असं सांगितलं.

त्या आठ दिवसांनी आम्ही अहवाल घ्यायला गेलो तेव्हा बाकावर शेजारी रिसोडची एक बाई बसली होती. मांडीवर वेताच्या टोपलीत पांढरं मांजर. ते काही खात नव्हतं, हनुवटी ओली होती. तिचा नंबर आमच्या आधी लागला. बाहेर आली तेव्हा टोपलीवरचं फडकं तिने दोन्ही हातांनी धरलं होतं.

"जिभीखाली हाय म्हणते," ती मला म्हणाली. "मुळापर्यंत गेलं. कापता येत नाई. तुमच्या कुत्रीचं कुठं हाय?"

"जबड्याला."

"जबड्याचं कापता येते म्हणे," ती म्हणाली आणि थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. तिला आमचा हेवा वाटत होता. मला तेव्हा त्याचा राग आला होता. आता येत नाही.

मग आमचा नंबर लागला आणि मेलॅनोमा हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

मॅडमनी ऑपरेशनचं नाव सांगितलं, मँडिब्युलेक्टॉमी. खालच्या जबड्याचं रोगट हाड आणि त्याच्या भोवतीचा चांगला दिसणारा थोडा भागही कापून काढायचा. नुसती गाठ खरवडली तर ती पुन्हा येते. त्या म्हणाल्या, "ऐकायला भयंकर वाटतं, पण कुत्री यातून चांगली सावरतात. डाव्या बाजूचं हाड जाईल, जीभ त्या बाजूने थोडी बाहेर येईल. मऊ जेवण खाईल. तोंडातलं दुखणं थांबेल, हे मी सांगू शकते. रोग आत कुठे गेलाय का आणि किती दिवस मिळतील, हे नाही सांगू शकत."

मग संमतीचा कागद पुढे केला. कुत्री सिद्धूची, म्हणून सही सिद्धूची.

"यांना सगळं समजलंय ना?" मॅडमनी मला विचारलं.

मी हो म्हटलं.

मी त्याला शिकवलेली एकच लिखाणाची गोष्ट म्हणजे त्याचं नाव. ते त्याने सावकाश, रेघेवर काढलं. दात काढायला परवानगी देत होता तो.

ऑपरेशनला अडीच तास लागले. आम्ही बाहेर निंबाखाली बसलो. सिद्धूने डबा उघडला, मला भाकर दिली आणि स्वतः जेवला. तो निश्चिंत होता. एका दातासाठी एवढा वेळ का लागतो, असं फक्त एकदा विचारलं. मी दुसरीकडे बघितलं.

चिंगीला बाहेर आणलं तेव्हा ती गुंगीत होती. पायाला सलाईन लावलेलं, डावा गाल आत बसलेला, काळे टाके ओठापासून मागे गेलेले, जीभ बाहेर लोंबत होती. सिद्धूने तिच्या गालावर हात ठेवला. हाड जिथे असायला हवं तिथे बोटांनी दाबून पाहिलं. मग स्वतःचा जबडा चाचपला. पुन्हा तिचा. मग माझ्याकडे पाहिलं.

त्याच्या तोंडातून एक आवाज निघाला. तो आवाज मी आई गेली तेव्हा ऐकला होता, त्यानंतर नाही.

त्याने मला ढकललं नाही, काही केलं नाही. फक्त माझ्याकडे बघणं बंद केलं. आमच्या भाषेत बघितल्याशिवाय बोलता येत नाही. बारा दिवस तो माझ्याकडे बघत नव्हता. समोर गेले तर डोळे मिटून घ्यायचा.

त्या बारा दिवसांत तिचं सगळं त्यानेच केलं. मॅडमनी पिशवीवर चित्रं काढून दिली होती, त्यावरून गोळ्या दिल्या. वरणात भाकर कुस्करून, बोराएवढे गोळे करून तिच्या जिभेवर मागच्या बाजूला ठेवायचा. पहिले दोन दिवस अर्धं बाहेर पडलं. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः वाटीत तोंड घातलं. सातव्या दिवशी ती वाटी घरभर ढकलत चाटत होती. पाणी पिताना निम्मं सांडायची आणि सांडलेलं पुन्हा चाटायची.

टाके काढायला अकोल्याला जायच्या दिवशी त्याने माझ्याकडे पाहिलं. दाताला बोट लावलं, तोंड वाकडं केलं, अगदी मी केलं होतं तसं. मग तळहाताने हवेत ते पुसून टाकलं. मी ओट्यावर बसून त्याला सगळं सांगितलं. जमिनीवर खडूने कुत्रं काढलं. तोंडात काळा ठिपका, मग ठिपक्यातून निघून छातीकडे जाणारे बारीक ठिपके. त्याने खडू घेतला आणि छातीतले ठिपके पुसले. मी ते पुन्हा काढले नाहीत, पण तिथे प्रश्नासारखा हात केला. माहीत नाही. येतील कदाचित.

मार्च ते जुलै ती चांगली होती. जीभ डावीकडे लोंबायची, गावातली पोरं हसायची, तिला त्याचं काही नव्हतं. पँट धरून ओढायला जबड्यात पकड उरलेली नव्हती, म्हणून ती आता डोक्याने ढुशी द्यायची. ट्रॅक्टरपुढे तशीच आडवी उभी राहायची. त्या महिन्यांसाठी मी डॉक्टर मॅडमची आयुष्यभर ऋणी आहे. ऑपरेशन नसतं तर ती एप्रिलमध्ये उपाशी मेली असती.

सोयाबीन फुलावर आलं तेव्हा ती खोकायला लागली. या वेळी सिद्धूने एकदाच सांगितलं आणि मी त्याच दिवशी अर्धी रजा टाकली.

एक्स-रेत फुप्फुसांवर पांढरे गोळे होते. मेटास्टॅसिस, म्हणजे मूळ जागेवरून उठून रोगाने दुसरीकडे घर करणं. मॅडमनी फिल्म उजेडात धरली. मी बोलायच्या आधीच सिद्धूने एकेका गोळ्यावर बोट ठेवलं. खडूचं चित्र त्याला आठवत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

मॅडम सावकाश म्हणाल्या, "आता कापण्यासारखं काही नाही. श्वासाचा त्रास फार वाढला तर इंजेक्शन देऊन शांतपणे झोपवता येईल. कधी, ते यांनी ठरवावं. यांच्याइतकं तिला कुणी ओळखत नाही."

दंडात सुई, गालाखाली हात, मग डोळे मिटलेलेच. हे मी त्याला खुणांनी सांगितलं, काहीही न गाळता. परत येताना वाटभर तो पिकअपच्या मागे तिच्याजवळ बसून आला.

हे लिहायचं कारण सांगते. तुमच्या घरी कुत्रं किंवा मांजर असेल तर महिन्यातून एकदा त्याचा ओठ वर करून बघा, जिभेखाली बघा. वास, लाळ, रक्त, एका बाजूने खाणं, विनाकारण हलणारा दात, यातलं काही दिसलं तर गोळ्या आणू नका, डॉक्टरांकडे जा. गाठ लहान असताना कापली तर पुष्कळ जनावरं वाचतात. आणि घरात जो माणूस त्या जनावराबरोबर दिवस काढतो, त्याचं ऐका. आमच्या घरात तो माणूस पाच आठवडे सांगत होता. लोक म्हणतात, ऐकू त्याला येत नाही.

ऑगस्टमधल्या एका दुपारी मी चौथीला भागाकार शिकवत होते. सिद्धू वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. चिखलाने भरलेला, एकटा. दंडाला बोट टोचलं, गालाखाली हात ठेवला.

मंगरुळपीरचे डॉक्टर मोटारसायकलवर शेतापर्यंत आले. चिंगी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या पळसाखाली पडली होती, प्रत्येक श्वासाला तिचं पोट आत ओढलं जात होतं. सकाळपासून तिने त्याच्या हातचं खाल्लं नव्हतं. सिद्धूने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि आपला तळवा तिच्या छातीवर ठेवला. इंजेक्शन झाल्यावर डॉक्टर स्टेथोस्कोप काढत होते, तोवर त्यानेच हात उचलला आणि त्यांच्याकडे पाहून मान हलवली.

"गेली ताई," डॉक्टर म्हणाले. "त्याले आधी समजलं."

खड्डा त्याने एकट्याने खणला. मी फावडं घ्यायला गेले तर त्याने माझा हात बाजूला केला. तिला ठेवलं, आपला सदरा काढून वर घातला. मग थांबला. माझ्याकडे वळून त्याने स्वतःच्या डाव्या जबड्यावरून बोट फिरवलं आणि हात उलटा केला. ते हाड कुठे आहे? तिला पूर्ण ठेवायची होती त्याला.

मला सांगता आलं असतं की दवाखान्याने जपून ठेवलंय. त्याने मानलं असतं. मी हातांनी जाळाची खूण केली. जाळलं. नाही मिळणार.

तो कितीतरी वेळ माझ्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने मान हलवली आणि फावडं माझ्या हातात दिलं.