स्कॉटलंड राहिलं, अल्बवर जाऊन आलो

मेंढ्या, पडके किल्ले, धुकं आणि आठवडाभर कुणी दार वाजवणार नाही असं एक घर. स्कॉटलंडकडून आमची एवढीच माफक अपेक्षा होती. पण भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा वेगळा व्हिसा, त्याची कागदपत्रं, त्याची अपॉइंटमेंट, यात दर वर्षी आमचं घोडं अडायचं. गेल्या डिसेंबरात निखिल, म्हणजे माझा नवरा, नकाशा बघता बघता म्हणाला, "मीनल, हे सगळं श्वेबिश अल्बवर आहे की! मेंढ्या आहेत, किल्ले आहेत, पाऊस तर आहेच. आपल्या स्टुटगार्टपासून सव्वा तास. व्हिसा नको, विमान नको." त्याच संध्याकाळी आम्ही अल्बच्या, म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या त्या डोंगरपठाराच्या, लाउटरटाल नावाच्या खोऱ्यात सप्टेंबरातल्या एका आठवड्यासाठी फेरीनवोनुंग, म्हणजे सुट्टीपुरतं भाड्याने मिळणारं घर, बुक करून टाकलं. थोडं स्वस्त पडतं म्हणून रद्द न करता येणारा दर घेतला.

फेब्रुवारीत निखिल घर सोडून गेला.

हा ब्लॉग तुम्ही 'दोघांच्या सहली' म्हणून वाचत आलात, म्हणून आधीच सांगून टाकते. कुणी कुणाला फसवलं नाही, कुणी हात उचलला नाही. "मला आता काही वाटतच नाही गं," एवढंच तो म्हणाला, आणि एसलिंगनला एक खोली घेऊन राहू लागला. जर्मनीत घटस्फोटाआधी वर्षभर वेगळं राहावं लागतं. ट्रेनुंग्सयार म्हणतात त्याला. आमचं ते वर्ष चालू आहे. हे सगळं लिहू का म्हणून निखिलला विचारलं, तर म्हणाला, "लिही. पण पार्किंगची माहिती नीट दे, मागच्या वेळी लोकांनी झापलं होतं."

मग सहलीला का गेलात, असं तुम्ही विचारणारच. ठरलेलं कारण होतं आई. आई म्हणजे माझ्या सासूबाई, सांगलीला असतात. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्या काठीशिवाय चालायला लागेपर्यंत त्यांना काही कळू द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. अल्बचं बुकिंग त्यांना माहीत होतं. गेलो नसतो तर त्यांना शंका आली असती.

हे झालं दोघांचं कारण. माझं कारण वेगळं होतं. आठवडाभर एका छपराखाली राहिल्यावर तो परत येईल, असं मला वाटत होतं. ही आशा मी हवेतून आणलेली नव्हती. आमच्या इमारतीत केअरवोखे पाळतात. ज्याच्या दाराला पाटी लागेल त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा. आमची पाळी आली की वरचा मजला माझा आणि खालचा जिना, पार रस्त्याच्या दारापर्यंत, निखिलचा. घर सोडल्यावरही आमच्या प्रत्येक पाळीला तो एसलिंगनहून एस-बानने, म्हणजे लोकलने, यायचा, खालचा जिना झाडायचा, पुसायचा, आणि चहा न घेता जायचा. ज्याला काहीच वाटत नाही तो माणूस सुट्टीच्या दिवशी जिना कशाला पुसेल? मी सहा महिने या एका प्रश्नावर जगले.

शनिवारी सकाळी भाड्याची गाडी घेऊन निघालो. मेत्सिंगन, मग बाड उराख, मग म्युन्झिंगन, आणि तिथून खाली खोऱ्यात. रस्ता उत्तम आहे, फक्त उराखनंतरच्या चढावर मोटारसायकलवाले अंगावर येतात, तेवढं सांभाळा. उराखचा धबधबा वाटेत बघून घ्या. पार्किंग सशुल्क आहे, मशीनला सुटी नाणी लागतात, आणि दहाच्या आत पोचलात तरच जागा मिळते. (झालं समाधान, निखिल?) गाडी नसेल तर मोसमात रविवारी सहलीच्या बस असतात, एरवी हाल. मला इथलं लायसन्स नाही. माझ्या दोन नापास परीक्षांची कहाणी जुन्या वाचकांना तोंडपाठ आहे.

किराणा शनिवारीच भरून घ्या, रविवारी खोऱ्यात उपाशी मराल. दुकानात निखिलने न विचारता माझं लॅक्टोज नसलेलं दूध ट्रॉलीत टाकलं. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं, पण माझं मन आनंदाने भरून आलं.

घर अगदी फोटोसारखं होतं. पांढऱ्या भिंती, लाल कौलं, खिडकीखाली लाउटर नदी, जिला नदी म्हणताना आपल्याकडच्या ओढ्यांनाही हसू येईल. मालकीणबाई फ्राऊ ग्लेझर शेजारीच राहतात. रोज सकाळी कोंबड्यांची ताजी अंडी आणून देतात. त्यांनी आम्हाला झोपायची खोली दाखवली, जोडपलंगावर दोन चॉकलेटं ठेवली होती. निखिल बाहेरच्या सोफ्यावर झोपला. सकाळी अंडी यायच्या आत पांघरूण घडी करून कपाटात ठेवायचा.

खोऱ्यात मोबाइलला रेंज नाही. वायफाय फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी चालतं. त्यामुळे रोज दुपारी आईंचा व्हिडिओ कॉल घ्यायला आम्ही दोघं त्या खिडकीत खांद्याला खांदा लावून बसायचो.

"जरा जवळ बसा की," आई म्हणायच्या. "निखिल अर्धाच दिसायलाय."

निखिल सरकायचा. त्याचा खांदा मला लागायचा.

"आता कसं! काय खाल्लंत तिकडं?"

"अख्खा मसूर," निखिल म्हणाला, आणि आम्ही दोघंही खरोखर हसलो.

कारण गोष्ट खरी होती. अल्बची खासियत म्हणजे तिथली बारीक मसूर. गावोगावच्या खाणावळींत ती श्पेट्झलेबरोबर, म्हणजे अंड्याच्या जाडसर शेवयांबरोबर मिळते. वर सॉसेज असतात, ते नको असतील तर ऑर्डर देतानाच सांगा. पंधरा युरोच्या आसपास पोटभर, आणि रोख पैसे जवळ ठेवा. निखिल सांगलीचा. त्याच्या गावाकडे अख्ख्या मसुरीवर प्रेम करायला माणसं आईच्या पोटातूनच शिकून येतात. त्याने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "तिखट नाही, लसूण नाही, व्हिनेगर घातलंय. पण मसूर ती मसूर!" म्हणाला. मग त्याने बाजूला ठेवलेलं लोणचं माझ्या ताटलीत सरकवलं, कारण ते मला आवडतं. मी तेही मनात जपून ठेवलं.

रविवारी होहेनगुंडेलफिंगनच्या पडक्या किल्ल्यावर गेलो. चढ अर्ध्या तासाचा, बूट चांगले हवेत, वरून नदीचं वळण काय सुंदर दिसतं! तिकीट नाही. चढताना तो माझ्यासाठी थांबत होता. वर एक जर्मन आजोबा भेटले, त्यांनी आपणहून आमचा फोटो काढला. तो फोटो मी इथे टाकत नाहीये.

सोमवारी पाऊस होता, म्हणून विम्झेनची गुहा केली. गुहेत पाणी आहे, छोट्या होडीतून आत नेतात. छत इतकं खाली येतं की नावाडी ओरडतो, "डोकी खाली!" मी वाकले तरी निखिलने माझ्या डोक्यावर आपला तळहात धरला, खडक लागू नये म्हणून. होडी बाहेर येईपर्यंत त्याने हात काढला नाही. त्या दिवशी मी ठरवूनच टाकलं की हा परत येणार. गाडीत बसल्यावर मी मनातल्या मनात घरातलं कपाटही आवरून ठेवलं, त्याचा खण रिकामा करायला लागेल म्हणून.

बुधवारी निखिल रिकाम्या बाटल्या परत करायला म्युन्झिंगनला गेला होता, तेव्हा आईंचा फोन आला. मी एकटीच खिडकीत बसले.

"निखिल बाहेर गेलाय आई, इतक्यात येईल."

"असू दे," त्या म्हणाल्या. मग पदराने चष्मा पुसत बसल्या. "मीनल, मला ठाऊक आहे गं सगळं."

"काय आई?"

"त्यानं सांगितलंय मला. आषाढातच. तुला सांगू नको म्हणाला, तुला अजून लागेल म्हणून."

मी फोन खिडकीला टेकवून ठेवला. मग विचारलं, "अहो, मग रोज जवळ बसा, जवळ बसा कशाला म्हणता?"

"बघून घ्यायला," आई म्हणाल्या. "परत थोडंच दिसणार आहात असं?" आणि त्या रडायला लागल्या. मी माझी आई गेली तेव्हा रडले नव्हते इतकी त्या खिडकीत रडले.

पण माणूस किती वेडा असतो बघा. डोळे पुसतानाच माझ्या मनात आलं, आईंना माहीत आहे हे निखिलला ठाऊक होतं, म्हणजे आईंसाठी यायची त्याला गरजच नव्हती. मग तो आला कुणासाठी?

विचारायची संधी दुसऱ्या दिवशी मिळाली. हायिंगनकडे जाताना मेंढ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. पुढे मेंढपाळ, मागे कुत्रा आणि मधे ज्युनिपरच्या झुडपांच्या उतारावरून वाहत येणाऱ्या मेंढ्याच मेंढ्या. कुणी हॉर्न वाजवत नाही इथे, तुम्हीही वाजवू नका. निखिलने इंजिन बंद केलं. बाहेर लख्ख ऊन होतं.

"हेच हवं होतं ना आपल्याला?" तो म्हणाला. "एश्ट, अगदी अस्सल स्कॉटलंड!"

"आईंना तू सांगितलंयस," मी म्हणाले.

"सांगितलं आईने तुला? आल्झो... म्हणजे, हो. खोटं बोलवेना."

"मग तू आलास का?"

मेंढ्या संपत नव्हत्या. एक कोकरू आमच्या बॉनेटला नाक लावून गेलं.

"तुला गाडी येत नाही," तो म्हणाला. "तू एकटी बस बदलत कशी आली असतीस? आणि हे घर तुला किती आवडलं होतं. तुझी सुट्टी बुडायला नको, एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच, मीनल." हे त्याने इतक्या हळू आवाजात सांगितलं की मला त्याचीच कीव आली. "आणि एक सांगायचं होतं. बॉनला जॉब मिळालाय. नोव्हेंबरपासून."

बॉन म्हणजे इथून तीन-चार तास. माणसाने अशा वेळी काहीतरी मोठं बोलावं. मी म्हणाले, "आणि केअरवोखे?"

"त्याला माणूस मिळतो गं. पैसे दिले की झाडून देतात. मी लावून देईन कुणीतरी," तो म्हणाला. "मी यायचो कारण भाडेकरारावर माझं नाव आहे. तुला बोलणी बसायला नकोत."

शेवटची मेंढी गेली. मेंढपाळाने टोपीला हात लावून आभार मानले. निखिलने हात हलवला आणि गाडी सुरू केली. दूध, लोणचं, डोक्यावरचा हात, सगळं खरंच होतं, आणि त्याला कशाचाही अर्थ नव्हता. तो चांगला माणूस आहे. कुठलाही चांगला माणूस होडीत शेजारणीच्या डोक्यावर हात धरेल.

शुक्रवारबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पाऊस पडला आणि मी झोपून राहिले. निखिलने खिचडी केली.

शनिवारी दहाला घर रिकामं करून द्यायचं होतं. कचऱ्याचे चार प्रकार वेगळे करायचे, भांडी धुऊन जागेवर, पलंगाच्या चादरी काढून दारापाशी. आम्ही दोघांनी ते न बोलता तासाभरात उरकलं. फ्राऊ ग्लेझर खोल्या बघून खूश झाल्या. "इतकं शांत जोडपं फार दिवसांनी आलं," म्हणाल्या. "एकदाही आवाज नाही! पुढच्या वर्षीचं आत्ताच लिहून ठेवू का?" निखिलने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "कळवू."

घरी पोचलो तर आमच्या दाराला केअरवोखेची पाटी लागलेली होती. निखिलने माझी बॅग वर आणली, दारात ठेवली. पाटी त्याने वाचली. "उशीर झाला तर गाडी परत करायची राहील," असं म्हणून तो उतरून गेला. मी आईंना फोन केला. "पोचलीस का?" त्यांनी विचारलं. 'पोचलात का' नाही विचारलं.

अल्बला जाऊ नका असं मी म्हणणार नाही. जरूर जा, सप्टेंबरातच जा, स्कॉटलंडची हौस निम्म्या खर्चात भागते, आणि मसूर खाल्ल्याशिवाय येऊ नका. मला मात्र ते खोरं पुन्हा बघवणार नाही. मी काय घेऊन आले म्हणाल तर काहीच नाही. जे घेऊन गेले होते तेही तिथे राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू घेतला आणि खालच्या दारापासून सुरुवात केली. निखिलच्या बुटांचा अल्बवरचा चिखल पायऱ्यांवर वाळला होता. वर येतानाची पावलं एकेक स्वच्छ उमटली होती, बॅगेच्या वजनाने एका बाजूला कललेली. उतरतानाची दिसत नव्हती, तोवर बूट कोरडे झाले असावेत. मी त्याचा जिना झाडला, मग माझा. दोन्ही पुसले. मग दारावरची पाटी काढली आणि शेजारच्यांच्या दाराला लावून आले.